मातीला नावे ठेवणारे

डांग्या खोकल्याने निळेजांभळे पडलेले मूल समोर आले की आपण एरिथ्रोमायसिन लिहितो (हल्ली बहुधा अॅझिथ्रोमायसिन, पण तेही त्याचेच अपत्य). या औषधाचे माहेर कोणत्या मातीत आहे, हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. म्हणूनच भाचीने मृदा-जिवाणूंच्या वर्गीकरणात संशोधन करण्याचे ठरवले, तेव्हा "जंतूंना नावे ठेवून कोणाचे भले होणार?" असे मी तिला ऐकवले. त्या वाक्याची आज लाज वाटते.

१९४९ मध्ये फिलिपिन्समधील इलोइलो येथील डॉ. आबेलार्दो आगिलार यांनी मातीचे नमुने एका अमेरिकन औषध कंपनीकडे पाठवले. त्यातील जिवाणूस स्ट्रेप्टोमायसिस एरिथ्रियस म्हटले गेले आणि १९५२ मध्ये औषध बाजारात आले. आपल्याच व्यवसायातील या गृहस्थांनी स्वामित्वधन मागितले; ते त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. पुढे पेशीभित्तिकेचे रसायन वेगळे असल्याचे ध्यानी येऊन १९८७ मध्ये तोच जिवाणू सॅकॅरोपॉलिस्पोरा या वंशात गेला. पत्ता बदलला, तसे त्याचे खरे भाऊबंद कळले. आणि नवे औषध शोधणारा आधी भाऊबंदांचेच दार ठोठावतो.

भाचीचे काम माळव्याच्या काळ्या मातीवर चालते. जिवाणूचे १६-एस जनुक जवळच्या ज्ञात प्रजातीशी सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी जुळले, तर तो नवा असल्याचा संशय घेता येतो. मग संपूर्ण जनुकसंचाची तुलना. तेथे साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली हवे. शिवाय २००१ पासूनच्या नियमानुसार जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो, आणि आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यामुळे तो परदेशी पाठवण्यावर बंधने आहेत. डॉ. आगिलार यांची कथा वाचल्यावर ही बंधने मला जाचक वाटत नाहीत.

२०२२ मध्ये निघालेल्या नव्या नामसंहितेनुसार केवळ जनुकक्रमावरही नाव देता येते. बहुतेक मृदा-जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, तेव्हा ही सोय समजण्यासारखी आहे. तरीही बालरोगतज्ज्ञाला हा जन्मदाखला आहे, पण मूल दिसत नाही, असा प्रकार वाटतो. २०१५ मध्ये जाहीर झालेले टिक्सोबॅक्टिन मिळाले, ते संशोधकांनी जिवाणू मातीतच ठेवून वाढवण्याची युक्ती काढली म्हणून. तेव्हा नाव कागदावर द्यावे, पण वाढवण्याचा प्रयत्न सोडू नये, असे माझे मत आहे.

आपले मंडळ दरवर्षी वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्या मुलांचा सत्कार करते. त्या रांगेत सूक्ष्मजीवशास्त्राचा एखादा विद्यार्थी उभा करावा, ही माझी कार्यकारिणीला सूचना आहे.

गेल्या रविवारी भाचीने माझ्या दवाखान्यामागच्या कडुनिंबाखालची माती मागितली. मीच खुरप्याने काढून दिली. पुडीवर जागा, तारीख आणि देणाऱ्याचे नाव लिहिल्याखेरीज तिने ती हाती घेतली नाही.