२६/११ च्या रात्री तुम्ही कुठे होता? उत्तर देण्याआधी हे वाचा

दरवर्षी २६ नोव्हेंबर आला की टाइमलाइनवर एक प्रश्न हमखास फिरतो : "त्या रात्री तुम्ही कुठे होता?" खाली कमेंट्सची रांग लागते. कुणी लोकलमध्ये होतं, कुणी कटकची भारत-इंग्लंड वनडे बघत होतं, कुणाला गावाहून "तुम्ही बरे आहात ना?" असा फोन आला होता.

माझंही उत्तर तयार होतं. मी तेव्हा तिसरीत होते. मॅच संपली, आम्ही जेवायला बसलो, बाबांनी बातम्या लावल्या आणि ताजच्या घुमटाजवळून ज्वाळा निघताना दिसल्या. मागच्या वर्षी हे पोस्ट करायच्या आधी सहज आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अगं, तू तर लवकर झोपली होतीस. सकाळी उठलीस तेव्हा टीव्ही चालू होता."

मी वाद घातला. मग वेळा तपासल्या. गोळीबार सुरू झाला रात्री साडेनऊच्या सुमारास. ताजच्या घुमटाजवळ आग भडकली ती मध्यरात्रीनंतर. म्हणजे जेवताना ते दृश्य बघणं शक्यच नव्हतं. आई बरोबर होती.

मग ती आठवण मला इतकी स्वच्छ का दिसते?

'फ्लॅशबल्ब मेमरी' म्हणजे काय?

१९७७ मध्ये रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या मानसशास्त्रज्ञांनी हा शब्द वापरला. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली, ती बातमी ऐकताना आपण कुठे होतो, सोबत कोण होतं, हे लोक अनेक वर्षांनीही तपशीलवार सांगत होते. मोठा धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा जणू फोटो काढून ठेवतो, अशी त्यांची मांडणी होती.

हा 'फोटो' खरा असतो का, याची परीक्षा काही वर्षांनी झाली.

चॅलेंजरची परीक्षा

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयानाचा स्फोट झाला. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कशी कळली ते लिहून घेतलं. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच विचारलं. साधारण एक चतुर्थांश विद्यार्थ्यांची उत्तरं मुख्य मुद्द्यांवर पूर्ण चुकली. तरी आपली आठवण बरोबर आहे, याची अनेकांना खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवल्यावरही त्यांना जुनी आठवण परत आली नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठातही असा अभ्यास झाला. त्यात विद्यार्थ्यांची हल्ल्याची आठवण आणि त्याच दिवसांतली एखादी साधी आठवण, दोन्ही सारख्याच वेगाने बदलत गेल्या. फरक खात्रीत होता. साध्या आठवणीवरचा विश्वास कमी होत गेला, हल्ल्याच्या आठवणीवरचा टिकून राहिला.

मोठी माणसंही यातून सुटत नाहीत. पहिलं विमान आदळताना आपण टीव्हीवर पाहिलं, असं अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी नंतर सांगितलं होतं. त्या सकाळी ते दृश्य टीव्हीवर दाखवलंच गेलं नव्हतं.

हे खोटं बोलणं आहे का?

नाही. प्रत्येक वेळी आठवताना मेंदू ती घटना नव्याने जुळवतो. मधल्या काळात पाहिलेली दृश्यं, घरात झालेल्या गप्पा, वर्षश्राद्धासारखे दरवर्षी लागणारे व्हिडिओ, सगळं त्यात मिसळतं. घुमटाजवळची आग मी शेकडो वेळा पाहिली, आणि ती कधीतरी माझ्या जेवणाच्या ताटासमोर येऊन बसली.

जे तिथे होते, त्यांचं काय?

इथे मोठा फरक आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात भूकंप झाला. ज्यांनी तो प्रत्यक्ष अनुभवला, त्यांच्या आठवणी सुमारे दीड वर्षानंतरही जवळजवळ अचूक निघाल्या. दूर अटलांटात ज्यांनी फक्त बातमी ऐकली, त्यांच्या आठवणी बऱ्याच घसरल्या होत्या.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. 'आदल्या दिवशी गणपती विसर्जन होतं' हे महाराष्ट्रात अनेक जण सांगतात, आणि ते खरंही आहे. पण पुण्यात बातमी ऐकलेल्या माणसाची आठवण आणि लातूर-उस्मानाबादमध्ये ढिगाऱ्यातून बाहेर आलेल्या माणसाची आठवण एका तराजूत तोलता येत नाही.

म्हणूनच हा विषय फक्त गंमतीचा नाही. एखाद्या वाचलेल्या व्यक्तीने वेळ किंवा क्रम चुकवला की सोशल मीडियावर लगेच 'खोटारडा' असा शिक्का बसतो. एक तपशील चुकला म्हणून अख्खा अनुभव खोटा ठरत नाही. त्याच वेळी, छातीठोकपणे सांगितलं म्हणून प्रत्येक गोष्ट खरीही ठरत नाही. कसाबच्या खटल्यातही साक्षीदारांच्या जबाबांसोबत सीसीटीव्ही चित्रण आणि वृत्तछायाचित्रं पुरावा म्हणून आली होती.

मग आपण काय करायचं?

मोठी घटना घडली की त्याच दिवशी चार ओळी लिहून ठेवा : वेळ, जागा, कुणी सांगितलं. जुनी आठवण पोस्ट करण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. आणि 'मी पाहिलं', 'मी टीव्हीवर पाहिलं', 'मला नंतर कळलं' या तीन गोष्टी वेगळ्या लिहा.

२६/११ मध्ये १६६ जणांचा जीव गेला. त्यांच्या घरच्यांसाठी 'त्या रात्री कुठे होता' हा प्रश्न टाइमलाइनपुरता नसतो.

मी शेवटी माझी पोस्ट बदलली. आता तिथे इतकंच आहे : "मी आठ वर्षांची होते आणि झोपले होते. सकाळी उठले तेव्हा आई-बाबा टीव्हीसमोर बसले होते आणि कुणीच मला शाळेसाठी घाई करत नव्हतं." हेही आईलाच विचारून लिहिलंय.