बोलपटातील गोड चोर

चोरांच्या विनोदी बोलपटांस हसू नये, असा उपदेश करण्यास आम्ही बसलेलो नाही. रोहन सिप्पी यांचा ‘ब्लफमास्टर’ (२००५) आम्ही नांदेडास पाहिला आणि मनमुराद हसलो. त्यातील रॉय नामक ठगाचा शागीर्द डिट्टू रंगविला आहे रितेश देशमुख यांनी. त्यांचे घराणे लातूरजवळच्या बाभळगावचे. तेव्हा शेजारच्या जिल्ह्याचा अभिमानही त्या हसण्यात थोडा मिसळलेला होता, हे कबूल केले पाहिजे. आमचे भांडण हसण्याशी नसून, चोर गोड वाटावा म्हणून आमचे चित्रपटकार जी युक्ती योजतात तिच्याशी आहे.

ही युक्ती जुनी आहे. १९४३ साली बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ निघाला. ज्ञान मुकर्जी यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातील अशोककुमारांचा खिसेकापू शेखर लोकांस इतका आवडला, की कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तो तीन वर्षांहून अधिक काळ चालला. गुन्हेगारीस प्रतिष्ठा दिली म्हणून त्या वेळी टीकाही झाली. आमच्या मते ती टीका भलत्याच दारी गेली. शेखर खिसे कापतो हे त्यातील पाप नव्हे. अखेरीस तो एका श्रीमंताचा हरवलेला पुत्र निघतो, हे होय. प्रेक्षकाने तीन तास ज्याच्यावर जीव लावला तो चोर मुळात ‘आपल्यातलाच’ होता, असे सांगून त्याची समजूत घालण्यात येते. पुढे ‘आवारा’ (१९५१) तर ‘चोराचा मुलगा चोरच’ या मताचे खंडन करण्यास प्रतिज्ञापूर्वक निघाला. पण त्याचाही नायक न्यायाधीशाचाच मुलगा! चोर म्हणून हिणविलेल्या जातीत जन्मून जो चोरी करीत नाही, अशा माणसाची साक्ष काढण्याचे धैर्य त्या वकिली चित्रपटासही झाले नाही.

ती साक्ष लातूर जिल्ह्यात मिळते. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्यास साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले. हातचलाखी याही पुस्तकात आहे, गुरू-शिष्यही आहेत. परंतु येथील शिष्यास खिसा कापण्याबरोबरच पोलिसांचा मार सोसून तोंड न उघडण्याचीही तालीम घ्यावी लागते, आणि ती तालीम मारूनच दिली जाते. लेखकाचे वडील चोरीपासून दूर राहून शेताची राखण करीत. तरी पोलिसांनी त्यांचे घर वगळले नाही. मुलगा शाळेत जाऊ लागला, तो गावच्या पोरांस हगवण लागली, तर तिचा दोषही त्याच्याच माथी! इंग्रजांनी १८७१ साली केलेल्या कायद्याने जातीच्या जाती गुन्हेगार ठरविता येऊ लागल्या. १९५२ साली तो रद्द झाला, कागदावरील नोंद पुसली गेली. शिपायाच्या मनातील पुसली नाही. शेखरास जन्माने सोडविले, गायकवाडांस जन्मानेच धरले. आणि प्रेक्षक मात्र दोन्हीकडे तोच.

यावर कोणी म्हणतील, की घटकाभरच्या करमणुकीवर हे ओझे कशास? विनोदास समाजशास्त्राचा दंड का? प्रश्न रास्त आहे, व आम्ही दंड मागतही नाही. डिट्टूने खुशाल फसवावे. समोरचा फसणारा त्याहून मोठा लबाड असल्यामुळे कोणाचे मन दुखत नाही, हेही ठीक. आम्ही एवढेच विचारतो की या साठ-सत्तर वर्षांत हसविणारा एक तरी चोर पारध्याच्या पालातून का आला नाही? त्याच्याजवळ विनोद नाही असे ज्यास वाटते त्याने ‘उचल्या’ पुन्हा वाचावे. दैन्याच्या त्या वर्णनांत थट्टाही आहे, आणि ती सिप्पींच्या पात्रांहून कितीतरी तिखट आहे.

त्या रात्री ‘ब्लफमास्टर’ संपल्यावर आम्ही नांदेडच्या बसस्थानकाकडे निघालो. डिट्टूच्या एका थापेची आठवण होऊन सोबतचे मित्र अजून हसत होते. वाटेत पालावरची दोन पोरे हात पसरून पुढे आली. मित्रांचा हात झटकन खिशावर गेला. आमचाही गेला.