पायाखालचे लोह, रक्तातले लोह

मेढ्याच्या भोवतीचे डोंगर चढून महाबळेश्वर किंवा कासच्या पठारावर पोहोचले की दगडाचा रंग बदलतो. खाली काळा बेसॉल्ट, माथ्यावर तांबडा जांभा. हा जांभा त्या काळ्या दगडापासूनच झाला आहे. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरेचसे सिलिकॉन धुऊन नेले. सहजी न विरघळणारी लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. मातीचा तांबडा रंग लोहाच्या या ऑक्साइडांचा, म्हणजे एका अर्थाने गंजाचा.

पायाखाली लोह असे पसरलेले असताना माणसांच्या रक्तात मात्र ते कमी पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन-चार ग्रॅमच लोह असते, त्यातले बहुतेक हिमोग्लोबिनमध्ये. मग एवढेसे लोह का मिळत नाही? जावळी तालुक्यातील कोणत्याही शाळेत विचारता येईल असा हा प्रश्न आहे, पण तो क्वचितच विचारला जातो.

वर्गात लोह येते ते संज्ञा, अणुअंक आणि संयुजा एवढ्यापुरते. आज ज्ञात मूलद्रव्ये ११८ आहेत. त्यांतली पहिली वीस घोकून गुण मिळतात, पण लोह कोठे आढळते, कशात विरघळते आणि कशाशी बांधले जाते हे मूल त्यातून शिकत नाही. अनेक ठिकाणी प्रयोगवही फळ्यावरून उतरवून पूर्ण होते. उत्तर आधीच लिहिलेले असेल, तर त्याला प्रयोग म्हणायचे तरी कशाला?

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. गंजलेले खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवावेत. तीन पेल्यांत बिनदुधाचा कडक चहा घ्यावा. एकात खिळ्यांचे पाणी, दुसऱ्यात नुसते व्हिनेगर आणि तिसऱ्यात तांबड्या मातीवरची निवळी घालावी. पहिला पेला शाईसारखा काळा होतो. दुसरा उलट फिकट होतो, म्हणजे काळेपणा व्हिनेगरचा नव्हे. तिसऱ्यात फारसा बदल होत नाही, कारण मातीतले लोह साध्या पाण्यात जवळजवळ उतरतच नाही. हे पेले अर्थातच पिण्यासाठी नाहीत. चहाऐवजी सह्याद्रीच्या रानातला हिरडा उकळून घेतला तरी असाच काळा रंग येतो. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, ती याच गुणामुळे.

या तीन पेल्यांत आरोग्याचा मोठा धडा आहे. लोह नुसते असून भागत नाही, ते विरघळलेल्या रूपात आतड्यापर्यंत पोहोचावे लागते. चहातील टॅनिन त्याला बांधून ठेवते. म्हणून जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, तासा-दोन तासांचे अंतर हवे. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाला विरघळलेले राहण्यास मदत करते. भाकरी आणि पालेभाजीबरोबर लिंबाची फोड हवी, ती यासाठी. माती खावीशी वाटणे हे अनेकदा रक्तक्षयाचे लक्षण असते, पण माती खाऊन लोह मिळत नाही, जंत मात्र होऊ शकतात. रक्तक्षयाची इतर कारणेही असतात. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या तपासणीला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही.

शाळांतून मुलामुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी दिली जाते. कोणी ती पालकांच्या नकळत फेकून देते, कोणी शौचाचा रंग काळा झाला म्हणून घाबरते. गोळीच्या दिवशीच विज्ञानाचा एक तास या प्रयोगाला द्यावा. ‘काय होईल’ याचा अंदाज मुलांनी आधी लिहावा, नंतर पाहावे आणि चुकलेला अंदाज खोडू नये. शिक्षण विभागाने अशा तासाला वेळापत्रकात जागा आणि परीक्षेत गुण द्यावेत. चहा काळा का झाला हे स्वतः शोधलेली मुलगी घरी आईलाही जेवणानंतरचा चहा थोडा उशिरा घ्यायला सांगेल. पाठ केलेल्या संज्ञेने हे घडत नाही.