खरूज एकाची नव्हे, साऱ्या खोलीची

थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात वसतिगृहातील मुले येऊ लागतात. आधी दाराकडे पाहतात, कंपाउंडर बाहेर गेला की हळूच म्हणतात, "डॉक्टर, रात्री फार खाजतं." बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबीचा भाग आणि जांघा, सगळीकडे बारीक पुळ्या व नखांचे ओरखडे. निदानाला रक्त-लघवी तपासावी लागत नाही. ही खरूज.

खरजेने कोणी मरते का, असे वाचक विचारतील. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांमध्ये केला. खाजवून झालेल्या जखमांत पू होतो आणि काही वेळा त्या जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडाला सूज येते. तेव्हा आजार वाटतो तितका किरकोळ नाही. पण आज मी लिहितो आहे ते वेगळ्या कारणासाठी.

२०२२ च्या नोव्हेंबरात एक मुलगा आला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, हा एका वसतिगृहात चौघांच्या खोलीत राहून दुसऱ्या वर्षाला शिकत होता. दिवाळीची सुट्टी संपवून आला आणि चौथ्या दिवशी खाज सुरू झाली. मी मलम लिहून दिले, बरा झाला. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा मलम दिले. त्या दोन्ही वेळा "खोलीत आणखी कोणाला खाज आहे का, बाकीचे तिघे कुठे आहेत?" एवढे विचारायचे मी विसरलो. बाहेर गर्दी होती, हे काही कारण नव्हे. चूक माझीच.

डिसेंबरात बाकीचे तिघेही खाजवू लागले आणि सगळ्यांचे बोट याच्याकडे गेले. "पहिल्यांदा यालाच झाली, यानेच कोपीवरून आणली." त्याला व्हरांड्यात झोपायला सांगितले, मग "बरा होईस्तोवर घरी जा" म्हणून सांगितले. घरी आजी एकटी. सत्राची परीक्षा हुकली. जानेवारीत आजीच त्याला घेऊन आली. "डॉक्टर, पोराला परत घेईनात. तुमी तेवढी चिठ्ठी द्या." आजीलाही मी तपासले, तिच्या अंगावर एक पुळी नव्हती. आणि मुलगा सुट्टीत कोपीवर गेलाच नव्हता, दिवाळीभर आजीजवळच होता.

आता यातील शास्त्र पाहा. खरजेचा किडा डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसेल, न दिसेल असा. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. साध्या रुग्णाच्या सबंध अंगावर असे १०-१५ किडेच असतात. खाज येते ती किड्याच्या चाव्याने नव्हे, तर किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांचे शरीराला वावडे येते म्हणून. हे वावडे निर्माण व्हायला पहिल्या खेपेस ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढे दिवस मुलगा ठणठणीत दिसतो, पण रोग देत असतो. ज्याला पूर्वी कधी खरूज होऊन गेली आहे त्याचे शरीर मात्र किड्याला ओळखते. त्याला नव्याने लागण झाली की १ ते ४ दिवसांतच खाज सुटते.

आमच्या या मुलाला दोन वर्षांपूर्वी खरूज होऊन गेली होती. म्हणजे चौघांत जो सर्वांत आधी खाजवू लागला, त्याला ती त्या तिघांपैकीच एखाद्या न खाजवणाऱ्याकडून मिळाली असण्याचा संभव अधिक. नक्की कोणाकडून, हे मी सांगू शकत नाही, आणि वसतिगृहाचे अधीक्षकही सांगू शकत नाहीत. थंडीत दोन खाटा जोडून एका रजईत तिघे एकाच मोबाइलवर क्रिकेट पाहतात, तिथे कोणी कोणाला दिली याचा पंचनामा कसा करणार? जास्त वेळ कातडीला कातडी लागणे, हीच याची मुख्य वाट आहे.

म्हणून एकाला औषध देणे म्हणजे कोणालाच न देणे होय. खोलीतील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री पर्मेथ्रिन ५ टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत लावावे. नखांखाली, बेचक्यांत, बेंबीत, जांघेत, एक बोटभरही जागा सोडू नये. हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे. सकाळी अंघोळ करावी आणि आठवड्याने हेच पुन्हा करावे. त्याच सकाळी चादरी, टॉवेल, वापरते कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळत घालावेत. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवावे. अंगापासून दूर झालेला किडा साधारण दोन-तीन दिवसांत मरतो. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, म्हणून रोज मलम फासत बसू नये. आणि दुकानदार देतो ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे मुळीच नकोत. खाज दबते, मुलगा खूश होतो आणि आत किडा वाढत राहतो.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात, १९८८-८९ च्या सुमारास, आम्हा सहा जणांना एकदमच खरूज झाली होती. उद्याचे डॉक्टर आम्ही! तेव्हा बेन्झिल बेन्झोएटचे पांढरे औषध असे, ते ओरखड्यांवर असे झोंबे की काही विचारू नका. रविवारी संध्याकाळी सगळे चड्डीवर ओळीने उभे राहिलो आणि दाढीच्या ब्रशने एकाने दुसऱ्याची पाठ रंगवली. ही सगळी युक्ती मेसच्या आचाऱ्याची. पाठीवर आपला हात पोहोचत नाही, त्याला शेजाऱ्याचाच हात लागतो. कोणी आणली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणाला सुचला नाही. सुचला असता तर सहापैकी एकाचे शिक्षण बहुधा तिथेच थांबले असते.

माझे म्हणणे एवढेच की, वसतिगृहाने अशा मुलाला घरी पाठवू नये. औषधाच्या दोन खेपांचा खर्च वसतिगृहाने करावा, शेजारच्या खोल्याही तपासून घ्याव्यात, आणि पहिला रोगी कोण हे वहीत लिहिण्याऐवजी औषध कोणत्या तारखेला लावले आणि पुढची तारीख कोणती, ते लिहावे. घरी पाठवल्याने रोग त्याच्याबरोबर जातो, आणि खोलीतही राहतो.

त्या मुलाला मी चिठ्ठी दिली. अधीक्षकांना फोन केला आणि उरलेल्या तिघांना दवाखान्यात बोलावले. ते आले. दोघांच्या बेचक्यांत पुळ्या होत्या. तिसरा म्हणाला, "सर, मला तर ऑक्टोबरपासून थोडं थोडं खाजतंय. पण हा आला नि सगळे यालाच म्हणायला लागले, मग मी गप्प बसलो."