'कोल्ड पायरो' नावालाच गार. लग्नाच्या शूटमधल्या आगीची जबाबदारी कोणाची?

लग्नसराई आली की बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या फोटोग्राफरकडे एक मागणी हमखास येते : रील्समध्ये दिसते तशी आग हवी. मशालींमधून चालणारं जोडपं, मागे ठिणग्यांचं कारंजं, नाहीतर रंगीत धूर. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. त्यामुळे नाही म्हणणारे कमीच.

२०२५ मध्ये बेंगळुरूत फोटोसाठी लावलेला कलर बॉम्ब नवरीच्या पाठीला भाजून गेला. त्याच वर्षी ६ डिसेंबरच्या मध्यरात्री गोव्यात हडफडेच्या नाइट क्लबला आग लागून २५ जणांचा जीव गेला. आत उडवलेल्या आतषबाजीकडे प्राथमिक चौकशीत बोट दाखवलं गेलं. तिथे फोटो शूट नव्हतं, हे खरं. पण छताखाली ठिणग्या उडवायचा प्रकार तोच, आणि आपल्या मंगल कार्यालयांत वर कापडी मांडव, मागे थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं असतातच.

मुळात 'कोल्ड पायरो' हा शब्दच फसवा आहे. यंत्रात धातूची बारीक पूड जळते. कण बारीक असल्याने लांब जाईपर्यंत निवतो, एवढाच त्याचा गारवा. यंत्राच्या तोंडाशी हात नेला तर भाजणारच. त्यात नवरीच्या अंगावर नेट किंवा जॉर्जेट. कृत्रिम धाग्याचं कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. केसांवरचा स्प्रेही पेट घेतो. मशालीला पेट्रोल वापरणं तर शुद्ध वेडेपणा : त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीनेही भडकते.

गंमत अशी, की कॅमेऱ्याला मोठी आग लागतच नाही. संध्याकाळच्या उजेडात छोटी ज्योतसुद्धा फोटोत झगझगीत येते. ज्योत लेन्सजवळ आणि जोडपं दहा-पंधरा फूट मागे ठेवलं, की दोघं ज्वाळांत उभी असल्यासारखी दिसतात. नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून आधी जोडप्याचा फोटो घ्यावा, ते बाजूला झाल्यावर आगीचा, आणि मग दोन्ही जोडावेत. जाणते फोटोग्राफर हेच करतात. शिवाय पाण्याच्या बादल्या, ओलं गोणपाट आणि ज्याच्या हातात कॅमेरा नाही असा एक माणूस फक्त आगीवर नजर ठेवायला. त्याची मजुरी मात्र पॅकेजमध्ये कोणी धरत नाही.

उघड्यावर वारा आणि वाळलेलं गवत. ५ सप्टेंबर २०२०ला कॅलिफोर्नियातल्या एका बागेत होणाऱ्या बाळाच्या फोटोसाठी धुराचं नळकांडं पेटवलं गेलं. गवत पेटलं, २२ हजार एकरांहून जास्त रान जळालं, एक अग्निशमन जवान गेला आणि त्या जोडप्यावर खटला चालला. जानेवारीनंतर आपल्या गडांच्या उतारांवर आणि घाटमाथ्यावर गवताची अवस्था काही निराळी नसते. अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने तिथे विस्तव पेटवायला वन्यजीव कायद्याने बंदीच आहे.

बाहेर काय? आगीबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. पण निष्काळजी कोण? कार्यालयवाला डेकोरेटरकडे बोट दाखवतो, डेकोरेटर पायरोवाल्याकडे, तो फोटोग्राफरकडे, आणि फोटोग्राफर म्हणतो, "पार्टीनेच मागितलं." अ‍ॅडव्हान्सच्या पावतीवर अल्बमची पानं किती, हे लिहिलेलं असतं, आग कोण पेटवणार आणि कोण विझवणार, याची एक ओळही नसते.