टप्प्याटप्प्याने उठणाऱ्या वसाहती व शेजारचा शेतकरी

शहरांलगतच्या गावांत हल्ली शेकडो सदनिकांच्या वसाहती उभ्या राहात आहेत. त्या एकदम उभ्या राहात नाहीत. प्रथम दोन-तीन इमारती होतात, त्यांतील घरे खपली की पुढचा टप्पा हाती घेतला जातो, आणि काही वर्षांत सबंध शिवार भरून जाते. घरे बांधण्यास आमचा विरोध नाही. लोकांस घरे हवीत. आणि ज्या जमिनीवर ती होतात ती पुष्कळदा आपल्याच एखाद्या बांधवाने राजीखुशीने दिलेली असते. आमचे म्हणणे एवढेच की, बांधकाम हवे तर टप्प्यांनी होवो, परंतु त्याची तपासणी मात्र आरंभीच, सबंध योजनेची, व शेजारच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकून झाली पाहिजे.

याचे कारण साध्या हिशेबाने ध्यानात येईल. एक हजार सदनिकांची वसाहत धरा. घरटी पाच माणसे व दर माणशी रोज १३५ लिटर, या रूढ प्रमाणाने तिला रोज ६,७५,००० लिटर पाणी लागेल. म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या ६७ खेपा भरून वर थोडे उरेल. त्यातील सुमारे ८० टक्के, म्हणजे ५,४०,००० लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. हीच योजना चार सारख्या टप्प्यांत मांडली तर प्रत्येक प्रकरणात मागणी १,६८,७५० लिटरचीच दिसते. एवढे पाणी दोन-चार विंधनविहिरींवर भागेल, एवढे सांडपाणी ओढा सामावून घेईल, असे तपासणाऱ्यास वाटणे अस्वाभाविक नाही. पण असे चार वेळा वाटले म्हणजे शेजारच्या विहिरी तळास जातात व ओढ्याचे गटार होते. आणि त्या वेळी कोणत्या एका टप्प्यास दोष द्यावा हे सांगता येत नाही.

पावसाचीही गोष्ट तशीच. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. नांगरलेल्या रानात त्यातील बराच भाग मुरतो. छपरे, फरसबंदी व डांबरी रस्ते यांवरून मात्र जवळजवळ सगळे वाहून जाते. वीस एकर जमीन अशी झाकली गेली की एका सरीत वीस लाख लिटर पाणी ओढ्यावर येते, आणि ओढा जर भराव घालून अरुंद केला असेल तर ते खालच्या शेतांचे बांध फोडून वाट काढते.

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे असे नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामास आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. परंतु त्याच अधिसूचनेने इमारती व नगरवसाहतींचे प्रकल्प जनसुनावणीतून वगळले आहेत. पुढे २०१६ चा स्थावर संपदा कायदा आला. त्याने प्रत्येक टप्पा हा स्वतंत्र प्रकल्प मानून त्याची वेगळी नोंदणी आवश्यक केली व ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम निराळ्या खात्यात ठेवावयास लावली. घर घेणाऱ्याच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तम आहे. पण जी विभागणी ग्राहकाचे रक्षण करते, तिच्यात शेजाऱ्याच्या नुकसानीची बेरीज कोठेच होत नाही.

वाघोलीचे उदाहरण घ्या. तेथे इमारती आधी झाल्या व नळाचे पाणी मागे राहिले. अनेक गृहसंस्थांस टँकरवर दिवस काढावे लागले. २०२१ मध्ये ते गाव पुणे महानगरपालिकेत आले. शहराची हद्द वाढली की पाण्याची मागणीही धरणाकडे वळते. पुण्यास पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीवरच कालव्याने दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेती अवलंबून आहे. सबब वसाहतीचा प्रश्न तिच्या कुंपणाशी संपत नाही. तो कालव्याच्या शेवटच्या चारीपर्यंत पोचतो.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, बाजाराचा रंग पाहूनच पुढचे टप्पे ठरतात, तेव्हा आरंभीच सगळे कसे सांगावे? आम्हांस हे पटत नाही. ज्यास सबंध जमीन घेता येते व सबंध वसाहतीचे चित्र छापता येते, त्यास सबंध वसाहतीच्या पाण्याचा हिशेबही देता येईल. हडपसर येथील मगरपट्ट्याची सुमारे ४०० एकर जमीन सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी एकत्र केली व जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले. तेथेही बांधकाम क्रमाक्रमानेच झाले, पण आराखडा सबंध क्षेत्राचा होता.

म्हणून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आमचे मागणे असे : पहिल्या टप्प्याबरोबरच अखेरच्या टप्प्यापर्यंतचे पाणी, सांडपाणी व वाहतूक यांचे आकडे घ्यावेत, ओढे व पाणंद रस्ते गावनकाशाप्रमाणे मोजून कायम करावेत, सांडपाणी शुद्ध करण्याची सोय पहिल्या घरात माणूस राहावयास येण्यापूर्वी चालू असावी, आणि मागील टप्प्याच्या अटी पुऱ्या झाल्याची पाहणी केल्याविना पुढील टप्प्यास परवानगी देऊ नये.

शेतकरी बंधूंनीही स्वस्थ बसून चालणार नाही. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेतातील पाण्याचा नैसर्गिक प्रवाह किंवा शेताची वाट अडविल्यास सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, हे कित्येकांस ठाऊक आहे. परंतु तो उपाय कायदेशीर अधिकाराविना घातलेल्या अडथळ्यापुरता आहे. मंजूर नकाशातच ओढा वळविलेला असेल तर मागाहून तक्रार करणे फार अवघड जाते. यास्तव प्रारूप विकास आराखड्याची नोटीस निघताच तो पाहावा, आपल्या गटाशेजारी काय दाखविले आहे हे समजून घ्यावे, आणि मुदतीच्या आत लेखी हरकत देऊन तिची पोच घ्यावी. योजना येत असल्याचे कळताच सातबारा, गावनकाशा व विहिरीच्या पाणीपातळीची नोंद जोडून ओढ्याकाठच्या सर्व खातेदारांनी मिळून अर्ज करावा. एकट्याचा अर्ज कपाटात पडून राहण्याचा संभव असतो. पन्नास सह्यांच्या अर्जास उत्तर देणे भाग पडते.

जमीन विकणारा आपली किंमत घेऊन मोकळा होतो व बांधणारा आपला नफा घेऊन पुढील गावी जातो. ज्यास त्या ओढ्याकाठी पुढेही शेती करावयाची आहे, त्याचे म्हणणे पहिली वीट बसण्यापूर्वी ऐकले जावे, यात अवाजवी असे काहीच नाही.