आजीचं मराठी बंद करू नका

मा. जिल्हा कार्यक्रम अधिकारी,
महिला व बालविकास विभाग, ग्वाल्हेर



१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी पडली आणि ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत आजी नातवाला मराठीत भरवते आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होते. अशा घरातलं मूल दोन वर्षांचं होऊनही बोलेना, की खापर आजीच्या मराठीवर फुटतं. ‘दोन भाषांनी पोर गोंधळलंय, एकच ठेवा,’ असं शेजारी सांगतात. चांगली शिकलेली माणसंही सांगतात. मग आजी गप्प होते, आणि ज्या मुलाशी जास्त बोलायला हवं त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी होतं.

दोन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही, हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन शब्दांची जोडणी, हा ढोबळ अंदाज. पण ‘काऊ’ही मोजायचा आणि ‘चिड़िया’ही. नुसते हिंदी शब्द मोजले, तर धड बोलणारं मूलही मागे पडलेलं दिसेल.

खरोखरच मागे असेल तर आधी कानांची रीतसर तपासणी हवी. ताट वाजवल्यावर वळून पाहणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटत असू शकतात. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत येतात, विकासातला उशीर तपासणं हे त्यांचंच काम. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत घरचे वर्ष घालवतात, तेवढं सेविकेने घालवू देऊ नये.

बाकीचं काम घरातलंच. बुवाकुक खेळताना पदराआड थांबायचं आणि मुलाने काहीतरी आवाज काढेपर्यंत वाट पाहायची. ही वाट पाहणंच मोठ्यांना जमत नाही. ‘हे काय? बोल ना, बोल!’ अशी उलटतपासणी घेतली की मूल पाठ फिरवतं. त्याऐवजी ते ज्याकडे बघतंय त्याचं नाव आपण घ्यावं. ते ‘भू’ म्हणालं तर ‘भूभू आला’ एवढंच जोडावं. चेंडू हातात धरून क्षणभर थांबावं. चिऊ-काऊच्या घासाला मोबाइल नको, त्या वेळी आजीचं तोंड दिसू दे.

अडचण अशी, की तीन वर्षांखालची मुलं अंगणवाडीत बसत नाहीत. त्यांच्या आया पोषण आहार न्यायला आणि वजन करायला येतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या ‘नवचेतना’ आराखड्यात याच वयासाठी महिनावार खेळ दिले आहेत. ते वजनाच्या दिवशी आईला, आणि आली असेल तर आजीला, प्रत्यक्ष करून दाखवा. सेविकांच्या पुढच्या प्रशिक्षणात एवढं जरूर सांगा: बाळाला किती शब्द येतात हे विचारताना घरची बोलीही धरायची, मग ती मराठी असो, सिंधी असो की बुंदेली.

आपली,
लष्करमधली एक आजी